कोंडाण्याची नर्तकी आणि कागदावरची रेषा

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या उगमाकडील खोऱ्यात, कोंडाणे नावाचे जे लहानसे गाव आहे, त्याच्या वरच्या अंगास डोंगराच्या कुशीत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. मात्र तेथे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष, विशेषतः आषाढ-श्रावणात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरून कोसळणाऱ्या पाण्याकडे असते. आणि त्या भव्य कमानीच्या दोन्ही बाजूंस, वेदिकेच्या नक्षीच्या पट्ट्यांमधील चौकटींत, नृत्य करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या ज्या जोड्या कोरलेल्या आहेत, त्यांच्याकडे मान वर करून घटकाभर पाहणारा विरळाच. पावसाळा सरल्यावर, गर्दीचा हंगाम ओसरल्यावर, तिरप्या उन्हाच्या वेळी तेथे जावे आणि त्या जोड्यांतील स्त्रियांकडे पाहावे, अशी शिफारस मी मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांस करीत नसून, आधुनिक रेखाचित्रांपुढे उभे राहिले असता ज्यांना अकारण संकोच वाटतो अशा सामान्य वाचकांस करीत आहे.

याचे कारण असे की, त्या स्त्रियांचे नाकडोळे आता फारसे उरलेले नाहीत. दोन हजार पावसाळ्यांचे पाणी त्या काळ्या पाषाणावरून वाहून गेले आहे, आणि शिल्पकाराने मोठ्या कष्टाने केलेले अलंकारांचे नाजूक काम, बोटांची पेरी, ओठांची ठेवण यांपैकी पुष्कळसे त्याने आपल्याबरोबर नेले आहे. राहिला आहे तो एका अंगास कललेल्या कमरेचा बाक, त्या बाकास तोल देण्याकरिता उलट दिशेस झुकलेले खांदे, उचललेला हात, आणि मस्तकावरील जड शिरोभूषणाचा घेर. एवढ्याच ऐवजावर ती स्त्री नाचते आहे, आनंदाने नाचते आहे, आणि तिच्या शेजारच्या पुरुषाच्या हालचालीस तिची हालचाल उत्तर देते आहे, याविषयी पाहणाऱ्याच्या मनात तिळमात्र संशय उरत नाही. चेहरा नाही म्हणून ती अपुरी वाटत नाही. किंबहुना चेहरा असता तर आपली नजर तेथेच अडकून राहिली असती आणि कमरेपासून मनगटापर्यंत चढत गेलेली ती एक सलग लय कदाचित आपल्या नजरेतून निसटली असती.

आता याच्या शेजारी, एखाद्या प्रदर्शनात किंवा जुन्या दिवाळी अंकाच्या पानावर, आठ-दहा रेषांत काढलेले स्त्रीचे एखादे चित्र ठेवून पाहा. मानेची एक रेषा, तीच पुढे खांदा होऊन दंडावर उतरलेली; केसांच्या जागी एक वळसा; डोळ्याच्या ठिकाणी नुसती पापणीची कड; आणि बाकी सारा कोरा कागद. अशा चित्रापुढे आपल्याकडचा सुशिक्षित गृहस्थ हमखास म्हणतो की, यात काय विशेष आहे, हे तर कोणीही काढील. या शेऱ्यामागे अरसिकता असते असे मला वाटत नाही. त्यामागे एक विशिष्ट शिकवण असते, आणि तिचा उगम शोधू गेल्यास तो कोंडाण्यापासून फार दूर नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली घाटकोपरास काढलेला शिळाछापखाना त्या शतकाच्या अखेरीस घाटमाथ्यावर मळवलीस हलला. कर्जतेहून बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढचे स्थानक ते मळवली, म्हणजे कार्ले-भाज्यांच्या लेण्यांचे स्थानक. तेथून निघालेल्या सरस्वती, लक्ष्मी, दमयंती, शकुंतला यांच्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रातील घरोघरच्या भिंतींवर लागल्या, आणि चित्रातली स्त्री म्हणजे लुगड्याच्या जरीचा काठ अन् काठ, नथीतला मोती अन् मोती, गालावरील छायाप्रकाश यथास्थित दाखविलेली स्त्री, असा आपल्या दोन-तीन पिढ्यांचा समज कायम झाला. त्यावर शिक्कामोर्तब केले ते शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाने. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना बसलेल्या मुलांची संख्या आपल्या राज्यात अगणित. त्या परीक्षांच्या निमित्ताने स्थिरचित्रातील तांब्याला गोलाई कशी आणावी, सावली कोणत्या बाजूस पाडावी, हे आपण शिकलो, आणि चांगले चित्र म्हणजे चांगले शेडिंग हा निकाल मनाच्या दप्तरात कायमचा दाखल झाला. रविवर्म्यांचे कौशल्य थोर होते आणि ड्रॉइंगचे मास्तरही आपले काम इमानाने करीत होते. माझी तक्रार दोघांविरुद्धही नाही. तक्रार एवढीच की, चित्राच्या अनेक वहिवाटींपैकी एका वहिवाटीस आपण एकुलती एक सनद देऊन टाकली.

वस्तुतः रेषा ही सृष्टीत कोठेही नसते. कोंडाण्याच्या गावनकाशावर शिवेची रेषा आहे, प्रत्यक्ष शिवारात ती सापडावयाची नाही. गावातून वर पाहिले असता राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आकाशावर स्पष्ट रेखलेले दिसतात. परंतु तेथे रेषा नसते, असतो तो केवळ एका गडदपणाचा शेवट आणि एका उजेडाचा आरंभ. स्त्रीच्या गालाची कड ही अशीच, ती बसलेल्या जागेवरून किंचित हलली की बदलणारी, आणि आपण हललो तरीही बदलणारी. चित्रकार ज्या वेळी त्या कडेच्या जागी काळ्या शाईची रेषा ओढतो, त्या वेळी तो सृष्टीची नक्कल करीत नसून, जे तेथे नाही त्याच्यायोगे जे आहे त्याची जाणीव पाहणाऱ्यास करून देतो. आणि पाहणाराही तो व्यवहार विनातक्रार मान्य करतो, कारण तीन-चार वर्षांचे पोरही अंगणात खडूने काढलेल्या वर्तुळास निःशंकपणे आईचे तोंड म्हणते. चित्र समजण्याची ही शक्ती उपजत आहे. नंतरच्या शिक्षणाने ती मंदावते, एवढेच.

तेव्हा अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर काय करावे? प्रथम, ती स्त्री कोण, सुंदर आहे की नाही, चित्रकाराची कोणी लागते काय, हे प्रश्न तहकूब करावेत. एखादी एकच रेषा निवडावी, उदाहरणार्थ कानाखालून निघून खांद्यावर उतरणारी, आणि चित्रकाराच्या हाताने ज्या गतीने ती ओढली असेल त्याच गतीने नजर तिच्यावरून न्यावी. टाकाने काढलेली रेषा असेल तर दाब दिल्याबरोबर निबाच्या जिभा फाकतात आणि रेषा जाड होते, दाब कमी होताच ती बारीक होते. म्हणजे रेषेची जाडी हा त्या हाताच्या दाबाचा लेखी दाखला असतो. जेथे शाईचा बारीकसा ठिपका साचला आहे तेथे हात क्षणभर थांबला. जेथे रेषेचे टोक कोरडे पडून विरळ होत गेले आहे तेथे हात वेगाने कागदावरून उचलला गेला. बोरूची रेषा एकसारखी, काहीशी हट्टी असते. कुंचल्याची रेषा ओलाव्यानुसार फुगते आणि आटते. पेन्सिलीची कागदाच्या खरखरीतपणास धरून चालते. या खुणांवरून नजर फिरू लागली म्हणजे चित्र हे एक निर्जीव बाह्यरूप न राहता घडून गेलेली एक कृती होते, आणि ती कृती आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडू लागते.

यानंतर पाहावे ते रेषांचे तुटणे. कसलेला चित्रकार रेषा सर्वत्र जोडीत नाही. गालाची रेषा हनुवटीपाशी येऊन संपते आणि गळ्याची रेषा थोडे अंतर सोडून सुरू होते. त्या मोकळ्या जागेत उजेड शिरतो, आणि शेडिंगचा एकही फराटा न मारता हनुवटी पुढे आणि गळा मागे जातो. पाठीची रेषा कमरेजवळ नाहीशी होते, आणि मांडीची रेषा तिला झाकून पुढे येते. एका रेषेने दुसरीस असे झाकले की अवयवाचा घनपणा सिद्ध होतो. कधी एकच रेषा दोन कामे करते: वेणीचा पेड तोच पाठीचा कणा, किंवा पदराची कड तोच दंड. अशा दुहेरी रेषेपुढे थांबावे, कारण चित्रकाराची खरी बुद्धी तेथे खर्ची पडलेली असते. आणि सर्वांत शेवटी कोऱ्या कागदाकडे पाहावे. रेषांच्या आतला कागद आणि बाहेरचा कागद हा एकाच कारखान्यातला, एकाच रंगाचा. तरीही आतला भाग उबदार, भरीव, अंगासारखा भासतो आणि बाहेरचा भाग हवेसारखा. हा भेद ज्या चित्रात जाणवतो ते चित्र साधले, ज्यात जाणवत नाही ते फसले, असा माझा आपला साधा हिशेब आहे. आणि बहुतेक वेळा तो चुकत नाही.

येथे कोंडाण्याच्या नर्तकीने एक अडचण उभी केली आहे. तिचे तपशील गळाले ते पाण्याने आणि वाऱ्याने. पाण्यास कमर कोणती आणि नाक कोणते याचे भान नाही, जे पुढे आले होते ते झिजले आणि जे खोलात होते ते टिकले. चित्रकाराने गाळलेला तपशील मात्र निवडून गाळलेला असतो. आँरी मातीस या फ्रेंच चित्रकाराची (१८६९–१९५४) स्त्रियांची रेखाचित्रे पाहणाऱ्यास असे वाटते की, हा मनुष्य सहज बसल्याबसल्या दोन मिनिटांत हे काढीत असावा. परंतु त्याचा शिरस्ता असा होता की, समोरच्या स्त्रीचे कोळशाने आधी एक सावकाश, खाडाखोडीचे, छायाप्रकाशयुक्त चित्र करावयाचे, तिच्या अंगाची ठेवण, कपड्यांचे पडणे, चेहऱ्याचे वळण हे सर्व हातात मुरवून घ्यावयाचे, आणि मगच टाक किंवा पेन्सिल घेऊन न थांबता निव्वळ रेषेची चित्रे काढावयाची. १९४१ च्या आरंभी झालेल्या जिवावरच्या शस्त्रक्रियेतून उठल्यावर त्याने अशा चित्रांच्या मालिकाच्या मालिका केल्या, आणि त्या १९४३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक मालिकेच्या आरंभी कोळशाचे मूळ चित्र आणि त्यामागून त्याच विषयावरच्या रेषांच्या तऱ्हा, जणू स्थायी आळवून झाल्यावर घेतलेल्या ताना. त्यातली एखादीच सुटी काढून पाहिली तर ती पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. मागची मांडणी पाहिली की गाळणे हे काढण्याहून अवघड कसे, याचा उलगडा होतो.

मुंबईत हेच व्रत कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर (१९११–१९९६) यांनी निराळ्या मार्गाने आचरले. ते मूळचे उडुपीकडचे, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले, पुढे काही वर्षे तेथेच अध्यापक. आणि नृत्याची रेषा हाती यावी म्हणून त्यांनी चक्क पंडित सुंदरप्रसाद यांच्याकडे कथ्थकचे धडे घेतले. चित्रकाराने नाच पाहावा हे कोणीही सांगेल, पण त्याने पायांत चाळ बांधावेत ही तजवीज हेब्बरांचीच. त्यांच्या नर्तकींच्या रेखाचित्रांत पाऊल, गिरकी आणि हाताची फेक या तीन गोष्टी एकाच न उचललेल्या रेषेत सामावलेल्या दिसतात, आणि त्या रेषेत अंगाच्या घाटापेक्षा वजन कोणत्या पायावर आहे याची शुद्ध अधिक असते. कोंडाण्याच्या चौकटीतील कमरेचा बाक आणि हेब्बरांच्या कागदावरचा बाक यांत दोन हजार वर्षांचे अंतर असूनही, तोल कोठे आहे हे ओळखण्याची दृष्टी एकच आहे.

किंबहुना थोड्या रेषांत स्त्री उभी करणे ही पॅरिसहून आलेली नवलाई आहे, ही समजूतच मुळी चुकीची. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गिलाव्यावर प्रथम गेरूच्या रेषेने आकृती बांधल्या आणि रंग भरून झाल्यावर पुन्हा रेषेने त्या पक्क्या केल्या, जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तेरा वर्षे आपल्या एतद्देशीय विद्यार्थ्यांकडून त्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि त्या कामात मुंबईच्या चित्रकारांच्या कैक हातांना त्या रेषेचे वळण लागले. डहाणू-जव्हारकडील वारली स्त्रिया लग्नाच्या चौकात, शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोकास टोक भिडवलेले दोन त्रिकोण काढतात आणि त्यांस चार बारीक रेषा हातापायांच्या जोडतात, की बाई उभी राहिली. बुचड्याचा एक ठिपका दिला की ती बाई आहे याचा खुलासा झाला. भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या चित्रकाराने १९७० नंतरच्या काळात हे शहरी नजरेसमोर आणले आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हाती ते भिंतीवरून कागदावर उतरले. आणि खुद्द कोंडाण्याच्या परिसरातील एका नैसर्गिक गुहेत, पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांना अलीकडच्या काळात पांढऱ्या रंगाने रेखलेली माणसांची आणि प्राण्यांची चित्रे आढळली आहेत. तेव्हा लेण्यातली शिल्पे आणि गुहेतली रेघोट्यांची चित्रे एकाच डोंगराच्या आसऱ्याने नांदत आली आहेत.

चैत्यगृहाच्या डाव्या अंगास एका प्रचंड यक्षमूर्तीचे भग्न मस्तक आहे, आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एका ओळीचा लेख. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा मजकूर. हा बलक मूर्ती घडविणारा कारागीर असावा असे मानण्याकडे कल आहे, आणि तसे असल्यास आपल्या प्राचीन कलेत जी नावे क्वचितच सापडतात त्यांपैकी हे एक. मला त्या लेखातील विशेष वाटतो तो हा की, करणाऱ्याने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले. सहज वाटणारी कोणतीही रेषा अशीच आधीच्या कोणाच्या तरी हाताखाली तयार झालेली असते.

मराठी वाचकाचा मात्र आधुनिक रेषेशी परिचय झाला तो लेण्यांत नव्हे आणि चित्रदालनांतही नव्हे, मासिकांच्या पानांवर. आणि त्यामागचे कारण सौंदर्यदृष्टीचे नसून छापखान्याच्या खर्चाचे होते, हे नमूद केले पाहिजे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून चित्र हे मासिकाचे भूषण झाले; परंतु छायाप्रकाशाचे चित्र छापावयाचे तर जाळीच्या ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि तो नीट उठण्यास गुळगुळीत आर्ट पेपर लागे; साध्या कागदावर त्याचे ठिपके एकमेकांत मिसळून नायिकेच्या गालावर डाग पडत. निव्वळ काळ्या रेषेच्या चित्राची गोष्ट वेगळी. त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून रेषांखेरीजचा भाग आम्लाने खाववला, तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर छपाईच्या खिळ्यांच्या उंचीस बसवला, की लाइन ब्लॉक तयार. तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात आवळून हलक्या कागदावरही लख्ख छापता येई. म्हणून रंगीत ऐश्वर्य मुखपृष्ठास आणि रेषा आतल्या कथेस, अशी विभागणी झाली. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवरील लावण्यवतींची आठवण आजही काढली जाते, पण आतल्या पानांत कथेच्या शीर्षकाशेजारी खिडकीचे गज धरून उभी असलेली, किंवा पाठमोरी, जी काळ्या रेषांची स्त्री असे, तिने मराठी माणसास न कळत एक मोठी गोष्ट शिकविली, ती म्हणजे जे चित्रात नाही ते कथेतून आणि स्वतःच्या अनुभवातून भरून घेणे. कथा नवी होत होती, मनाच्या आडवाटा धुंडाळीत होती, आणि तिला शोभणारी स्त्री जरीच्या काठासकट दाखविता येण्यासारखी राहिली नव्हती. कागदाच्या काटकसरीने जे सुरू झाले त्याला साहित्याने अर्थ दिला.

एक इशारा येथे देणे अवश्य आहे. रेषा साधी असली म्हणजे ती गोड असलीच पाहिजे असे नाही. गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२), ज्यांनी १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करण्यात पुढाकार घेतला, त्यांच्या रेखाचित्रांतील स्त्रिया काटेरी, आडव्यातिडव्या फराट्यांनी बांधलेल्या, डोळे कपाळाकडे सरकलेल्या अशा असतात. त्यांच्यापुढे उभे राहिल्यास प्रसन्न वाटत नाही, आणि वाटावे अशी चित्रकाराची इच्छाही नसावी. मला स्वतःला हेब्बरांच्या नर्तकींबरोबर पुष्कळ काळ काढता येतो, सोझांच्या स्त्रियांबरोबर फार वेळ नाही. पण त्यांची एखादी रेषा अनावश्यक आहे असे मला म्हणता यावयाचे नाही, आणि चित्राचा न्याय करताना आपल्या आवडीपेक्षा ही कसोटी वरिष्ठ कचेरीची मानली पाहिजे.

याच कसोटीवर हल्लीची पुष्कळशी चित्रे मात्र नापास होतात. ऑफसेट छपाई आली, आता संगणक आला, छायाप्रकाश छापणे स्वस्त झाले, आणि रेषा ही सक्ती न राहता आवड झाली; ते एकापरीने बरेच झाले. परंतु त्याचबरोबर भेटकार्डे, हॉटेलांच्या भिंती आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांवर एका ठराविक स्त्रीचा सुळसुळाट झाला आहे: लांबच लांब मान, मिटलेले डोळे, मोठे कुंकू, सैल अंबाडा, आणि चेहऱ्यावर अकारण विषाद. तिच्या मानेची रेषा बोटाने झाकून पाहिली तर चित्रात काही उणे पडत नाही. अंबाडा झाकला तरीही नाही. कुंकू झाकले तर ती नाहीशीच होते, कारण तिच्यात स्त्री अशी नव्हतीच, होती ती केवळ खूण. हा बोटाचा प्रयोग कोणत्याही रेखाचित्रावर करून पाहावा. मातीसच्या चित्रातली खांद्याची रेषा झाकली की बसलेली स्त्री खुर्चीवरून घसरते.